ताप येणे आणि ऊन लागणे

मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे चढतो. अशा उन्हात राबणाऱ्या एका माणसाचे अंग ४१ अंशांपर्यंत तापले आणि हिवतापाच्या रोग्याचेही तितकेच तापले, तर तापमापकाला दोघांत काहीच फरक दिसणार नाही. तरीही या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत.

विजेच्या इस्त्रीत थर्मोस्टॅट असतो, हे तुम्हांस ठाऊक आहेच. आपल्या मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग तेच काम करतो. त्याचा काटा ३७ अंशांच्या आसपास लावलेला असतो. तापात हा काटाच वर सरकतो. तो सरकवतो कोण? रोगजंतू, असे उत्तर सहज सुचेल.

पण मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवला, तेव्हाची हकिगत पाहा. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली. तिच्यातील जंतू उष्णतेने मारलेले होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली आणि त्यांना ताप भरला. मेलेले जंतू वाढत नाहीत. मग ताप आला कोठून?

तो आपल्याच पेशींनी आणला! जंतूंचे अवशेष भेटताच रक्तातील व ऊतींतील रक्षक पेशी काही प्रथिने सोडतात. यांना सायटोकाईन म्हणतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ ही त्यांतली प्रमुख नावे. हे जणू शरीरातले सांगावे घेऊन जाणारे जासूदच. त्यांच्या सांगाव्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो व काटा, समजा, ३९ वर जातो. अंग अजून ३७ वरच असते, म्हणजे नव्या काट्याच्या मानाने ‘गार’. म्हणून हुडहुडी भरते. स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात, कातडीकडील रक्तवाहिन्या आकसून ती आत राखतात. काटा पुन्हा खाली आला की घाम फुटतो. या वाढीव तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि रक्षक पेशी अधिक जोमाने काम करतात.

मात्र जासूद बेसुमार सुटले, तर ते घरच्याच मुळावर येतात. २०२०-२१ मध्ये कोविडच्या काही रोग्यांत असेच घडले. जंतूंपेक्षा या प्रथिनांच्या उठावानेच फुप्फुसांची अधिक हानी झाली. तेव्हा डेक्सामेथासोनसारखी, हा उठाव शमवणारी औषधे उपयोगी पडली.

आता उन्हातल्या माणसाकडे वळू. त्याचा काटा ३७ वरच आहे. बाहेरून येणारी व श्रमाने निर्माण झालेली उष्णता घामाला आवरेनाशी झाली आहे, एवढेच. सुरुवातीस तरी यात जासुदांचा हात नसतो. पॅरासिटामॉलची गोळी प्रोस्टाग्लँडिनला आळा घालते, म्हणून ती तापावर चालते. येथे काटा सरकलेलाच नाही, तेव्हा गोळी काय करणार? अशा माणसाला तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा (बाष्पीभवनाला लागणारी उष्णता अंगातूनच जाते) आणि तो असंबद्ध बोलू लागला असेल, तर अंग गार करीत करीतच दवाखाना गाठावा.