‘थ्री नॉट थ्री’ला कोणते काडतूस? – दशांश अपूर्णांकाचा एक पाठ



आपल्या नगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या मुलांना लष्कर नवीन नाही. रणगाडा संग्रहालयाची सहल होते. नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांतल्या कितीतरी गावांना के. के. रेंजचा शेजार आहे. पोलिसांची ‘थ्री नॉट थ्री’ तर सगळ्यांना ऐकून माहीत. दशांश अपूर्णांक शिकवताना हेच उदाहरण घेऊया.

.३०३ म्हणजे काय?
रायफलीच्या नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच. १ इंच = २५.४ मिमी.
०.३०३ × २५.४ = ७.६९६२, म्हणजे सुमारे ७.७ मिमी.

१९६२ च्या चीन युद्धानंतर पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात अगदी तशीच दिसणारी रायफल तयार झाली. तिचे माप ७.६२ मिमी.

आता मुलांना विचारा, फरक किती?
७.७० – ७.६२ = ०.०८ मिमी.
मुलं लगेच म्हणतील, “एवढासाच? मग चालतंय की!” नाही चालत. खरा धडा इथेच आहे.

काडतुसांतला फरक :
१) .३०३ ची पुंगळी सुमारे ५६ मिमी लांब, तर ७.६२ ची ५१ मिमी.
२) .३०३ च्या बुडाची कडा बाहेर आलेली असते. ७.६२ ला तशी कडा नसते, बुडाजवळ खाच असते.

चुकीचे काडतूस उडाले तर पुंगळी फाटून तापलेला वायू चेहऱ्यावर येऊ शकतो. म्हणून रायफलीवरचे माप आणि काडतुसावरची खूण जुळवूनच निवड करतात. माप जुळले, तरी गंजलेले किंवा चेपलेले काडतूस बाजूला काढतात.

पालकांसाठी महत्त्वाचे :
ही पारख प्रशिक्षित माणसाची, मुलांची नव्हे. रानात, रेंजच्या कडेला किंवा भंगारात पुंगळी, काडतूस, गोळा दिसला तर “रिकामाच आहे” असे समजून उचलू नये. लांब व्हावे, मोठ्यांना सांगावे, ११२ वर कळवावे. विनापरवाना काडतूस जवळ बाळगणे हा शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हाही आहे.

उपक्रम : वर्गात खरी पुंगळी आणू नका. वहीत पट्टीने ५६ मिमी आणि ५१ मिमीच्या दोन रेषा शेजारी शेजारी काढायला सांगा. ‘जवळजवळ सारखे’ आणि ‘सारखे’ यांतला फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल.