धूर नाही, म्हणूनच धुराडं

पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, स्क्रँटन आणि विल्क्स-बॅरीच्या आसपास जुनं घर घेतलं की तळघरात बहुधा एक काळवंडलेली खोली निघतेच. कोळशाची खोली. या भागात जमिनीखाली अँथ्रासाइट आहे, म्हणजे दगडी कोळशातला सगळ्यात टणक आणि चकचकीत प्रकार, ८६ टक्क्यांहून अधिक कार्बन असलेला. मी चंद्रपूरची, त्यामुळे कोळसा मला नवा नाही. पण आमच्याकडचा कोळसा वेगळा, आणि सिगडीला धुराडं नसतं. हिवाळ्यात इथे पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत जातो, बर्फाच्या वादळात वीज जाते, आणि वीज गेली की तेलावरची भट्टी बंद पडते. म्हणून आम्ही हाताने कोळसा घालायचा, विजेशिवाय चालणारा स्टोव्ह बसवला. आता इकडे घर घेणारी मराठी मंडळी फोन करून विचारतात, त्यांना जे सांगते ते एकदाच लिहून ठेवते.

१. आधी धुराडं, मग स्टोव्ह

दुकानात गेलं की माणूस स्टोव्हच बघतो. काच केवढी, रंग कोणता, किती खोल्या तापतील. पण स्टोव्ह ही नुसती पेटी आहे. गरम वायू हलका होऊन धुराड्यात वर चढतो, त्याची जागा घ्यायला खालच्या जाळीतून ताजी हवा ओढली जाते, आणि त्या हवेवर कोळसा जळतो. सगळा खेळ आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर चालतो. ही ओढ कमी पडली तर कितीही महागाचा स्टोव्ह आणा, जळलेला वायू घरातच फिरणार.

आमचं विटांचं धुराडं दिसायला ठणठणीत होतं. सफाईवाल्याने वरून कॅमेरा सोडला तेव्हा आतल्या भाजक्या मातीच्या नळ्यांना वरच्या मजल्याच्या उंचीवर तडा दिसला. त्या भिंतीला टेकूनच मुलांचा पलंग. तडा गेलेल्या नळ्यांच्या आतून स्टेनलेस स्टीलचा नळ सोडून घेतला. कोळशात गंधक असतं, म्हणून पोलाद ३०४ नव्हे, निदान ३१६ जातीचं मागावं. तळाशी राख काढायला दार हवंच. तेलाची किंवा गॅसची भट्टी ज्या नळात सोडलेली आहे त्यातच स्टोव्हही सोडून द्यायचा, ही काटकसर कुणी सुचवली तर त्याला चहा पाजून निरोप द्या. एका नळात एकच चूल.

उंचीचा नियम इथे सगळ्यांना तोंडपाठ असतो: छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून निदान ३ फूट, आणि आडव्या १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याहून २ फूट वर. घराच्या पोटातून गेलेलं धुराडं ऊब धरून ठेवतं. बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं थंडीत गारठतं आणि पेटवताना रुसतं.

२. धूर दिसत नाही तेव्हाच जपायचं

आई पहिल्यांदा आली तेव्हा स्टोव्हसमोर खुर्ची टाकून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, “धूर त दिसूनच नाही राहिला. मंग येवढं मोठं धुराडं काहून बांधलं वं?”

तिचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडे सिगडी अंगणात पेटायची. पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर निघून जायचा, निखारे लालबुंद झाले की मग सिगडी आत. धूर गेला की धोका गेला, हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला. तो उलटा आहे. लाल निखाऱ्यांतून धूर निघत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, सर्दी-तापाची कणकण वाटते, माणूस पांघरूण ओढून झोपतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात त्या याच वायूच्या. सिगडीपासून आम्हाला वाचवलं असेल ते कौलांच्या फटींनी आणि न लागणाऱ्या दारांनी. इथली घरं थंडीसाठी फटी बुजवून बांधलेली किंवा नंतर बुजवलेली असतात.

अँथ्रासाइट तर स्वच्छपणाचाच तोरा मिरवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॅकवाना रेल्वेने फीबी स्नो नावाची एक तरुणी जाहिरातींत आणली होती. आमची इंजिनं अँथ्रासाइटवर चालतात, त्यामुळे प्रवास संपला तरी तिचा पांढराशुभ्र झगा पांढराच राहतो, असा दावा. झगा पांढरा राहतही असेल. पण याच कोळसापट्ट्यातल्या सेंट्रेलिया गावाखाली १९६२ पासून खाण धुमसते आहे, आणि तिथे घरांत गॅस मोजणारी यंत्रं बसवावी लागली होती. शेवटी जवळजवळ सगळं गाव उठलं.

३. नळकांडं

स्टोव्हपासून धुराड्यापर्यंतचा नळ जितका आखूड आणि सरळ, तितका बरा. पत्रा २४ गेजचा काळा. जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत पत्रा स्वस्त मिळतो, पण तापला की जस्ताची विषारी वाफ सोडतो, तो घ्यायचा नाही. आडव्या भागाला धुराड्याकडे चढ हवा, फुटाला पाव इंच. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. एकेरी पत्र्याचा नळ लाकडापासून, जिप्समच्या भिंतीपासून १८ इंच लांब. स्टोव्हचं अंतर त्याच्या पुस्तिकेत असतं, आणि पुस्तिका नसलेला जुना स्टोव्ह असेल तर ३६ इंच धरा. वळण घ्यायचंच असेल तिथे कोपर न लावता टी-आकाराचा तुकडा लावावा आणि त्याच्या मोकळ्या तोंडाला झाकण. का, ते शेवटी येईल.

४. कागद

गावच्या कार्यालयातून परवाना, तपासनिसाची सही, विमा कंपनीला लेखी कळवणं. कंटाळवाणं आहे. करा.

५. या कोळशाला हवा खालून लागते

लाकूड वरून, बाजूने, कसंही हवा घेतं. अँथ्रासाइट तसा पेटत नाही. सुरुवातीला लोकांना तो दगडच वाटायचा. ११ फेब्रुवारी १८०८ रोजी विल्क्स-बॅरीतल्या जेसी फेल नावाच्या खानावळवाल्या न्यायाधीशाने आपल्या शेकोटीत लोखंडी जाळी बसवून, भात्याशिवाय, हा कोळसा जाळून दाखवला. खालून हवा मिळाली की तो जळतो, एवढंच त्याने सिद्ध केलं, आणि त्यातून या खोऱ्याचं नशीब पालटलं.

आधी सुक्या लाकडाचा जाळ करायचा, तो चांगला भडकला की त्यावर कोळशाचा पातळ थर, तो पेटला की आणखी एक, असं करत पेटीतल्या विटांच्या काठापर्यंत भरायचं. उथळ थर विझतो. हाताने भरायच्या स्टोव्हला ‘नट’ किंवा ‘पी’ आकाराचे खडे लागतात. ‘राइस’ नावाचा बारीक चुरा आपोआप कोळसा सरकवणाऱ्या यंत्रांसाठी असतो. शेजारचे आजोबा खाणकामगाराचे चिरंजीव. मी हातात उलथणं घेतलेलं बघून ते ओरडले होते, “वरून ढवळू नकोस पोरी, हा काही तुझा रस्सा नाही!” वरून ढवळलं की राख निखाऱ्यांत मिसळते, वितळते आणि त्याचे खंगर होऊन जाळी बंद होते. फक्त खालचा दांडा हलवायचा, राखेच्या पेटीत लाल ठिणग्या पडू लागेपर्यंत, आणि थांबायचं.

नवा कोळसा घालताना एक कोपरा लाल, उघडा ठेवायचा. काचेतून बघितलं तर कारण डोळ्यांनी दिसतं. खालून आलेली हवा निखाऱ्यांत शिरताच कार्बन डायऑक्साइड होतो. तोच वायू वरच्या तापलेल्या कार्बनमधून जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो, आणि थराच्या वर येऊन पुन्हा हवेला भेटला की निळ्या ज्वाळांनी जळतो. त्या निळ्या ज्वाळा निखाऱ्यांवर पाय न टेकवता सरकत राहतात. आईला त्या फार आवडल्या. त्या नाचत आहेत तोवर विष जळतं आहे. सगळा पृष्ठभाग नव्या कोळशाने झाकला की त्या विझतात, न जळलेला वायू पेटीत साठतो आणि खालची आग वर पोचली की एकदम ‘भप्प’ होऊन नळाचे सांधे हादरतात. स्क्रू तीन का, हे तेव्हा पटतं. एक लाल कोपरा राखला की वायू साठण्याआधीच पेटत राहतो.

६. ओढ अंदाजाने नाही, यंत्राने

नळाला छोटं भोक पाडून त्याला मॅनोमीटर जोडलेला आहे. पाण्याच्या पातळीतला फरक इंचाच्या शंभराव्या भागात दाखवणारं साधं उपकरण. आमच्यासारख्या स्टोव्हला साधारण ०.०४ ते ०.०६ इंच ओढ पुरते. जोराचा वारा सुटला की ती वाढते आणि कोळसा धडाधड जळतो. त्यासाठी नळावर बॅरोमेट्रिक डँपर, म्हणजे वजन लावलेली झुलती झडप. ओढ वाढली की ती आपणहून उघडते आणि खोलीतली थोडी हवा आत घेते. लाकूड जाळणाऱ्यांनी ती लावू नये. लाकडाच्या धुराड्यात डांबरासारखा थर बसतो, तो पेटला तर ही झडप आगीला हवा पुरवते.

खरी काळजी वादळाच्या दिवशी नसते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बाहेर बारा-पंधरा अंश होतात, हवा दमट आणि निश्चल असते, घरात आधीच ऊब असते म्हणून आपण आगही मंद केलेली असते. तापमानातला फरकच उरत नाही, ओढ लोळागोळा होते. अशा दिवसांत आम्ही स्टोव्ह विझू देतो आणि स्वेटर घालतो.

दुसरी गोष्ट खास आपल्या घरांची. फोडणी घातली की आपण ओट्यावरचा पंखा सगळ्यात वरच्या वेगाला लावतो. तो मिनिटाला काहीशे घनफूट हवा बाहेर फेकतो, बाथरूमचा पंखा आणि कपडे वाळवायचं यंत्र त्यात भर घालतात. बंद घरात एवढी हवा येणार कुठून? धुराड्यातून, उलटी. हवेची ही रस्सीखेच धुराडं हरतं. मॅनोमीटरचा आकडा शून्याकडे येताना मी मिरच्या तळताना प्रत्यक्ष बघितला आहे. स्टोव्हजवळ बाहेरच्या हवेची वेगळी वाट काढून घेतली आहे, शिवाय पंखा चालू असेल तोवर स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी. थंडी येते. येऊ दे.

७. अलार्म

प्रत्येक मजल्यावर एक आणि झोपायच्या खोल्यांच्या बाहेर एक. बॅटरीवर चालणारा, कारण वीज जाते तेव्हाच स्टोव्ह जोरात असतो. आकडा दाखवणारा घ्या. इथल्या मानकाप्रमाणे साधा अलार्म दशलक्षात ७० भाग वायू असेल तर १ ते ४ तासांनी वाजतो, १५० ला १० ते ५० मिनिटांत, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे ३५-४० वर तो गप्प बसू शकतो. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर तेवढंही नको. पडद्यावर शून्याखेरीज काही दिसलं की मी कारण शोधते. अलार्मला आयुष्य असतं, मागे तारीख छापलेली असते. आणि तो वाजला तर खिडक्या उघडत, स्टोव्ह तपासत बसायचं नाही. सगळ्यांनी बाहेर, मग ९११.

८. राख

लोखंडी बादली, लोखंडी झाकण, आणि बादली अंगणात दगडावर. लाकडी डेकवर नाही, गॅरेजमध्ये नाही. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. गार झालेली राख इथले लोक बर्फाळ वाटेवर टाकतात, पाय घसरत नाहीत. भाजीच्या वाफ्यात लाकडाची राख चालते, ही नाही.

९. आग विझते त्या आठवड्यात

अँथ्रासाइट डांबर धरत नाही, म्हणून धुराडं झाडायची गरज नाही असं पुष्कळांना वाटतं. पण उडती राख आडव्या नळात आणि वळणांवर साचते, अर्धा नळ भरतो, ओढ कमी होते. टी-तुकड्याचं झाकण यासाठी. हिवाळ्यात अधूनमधून ते काढून राख सांडून घेता येते. वसंतात मात्र सगळा नळ उतरवायचा. राखेत गंधक असतं, उन्हाळ्याची दमट हवा तिला लागली की आम्ल तयार होतं आणि सप्टेंबरमध्ये पत्र्याला बोट लावलं तर आरपार जातं. नळ अंगणात नेऊन झाडायचा, स्टोव्हची पेटी पुसून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, वाळली की तेलाचा हात. धुराड्याच्या तळाच्या दारातून निघालेली करडी, पिठासारखी मऊ राख बघून आई म्हणाली होती, “भांडे घासाले कामाची हाय.” घासून बघितली नाही.

हे मे महिन्याच्या आधी उरकावं, आणि धुराड्याच्या टोपीला जाळी आहे ना तेही बघावं. त्या सुमाराला दक्षिण अमेरिकेतून चिमनी स्विफ्ट नावाचे पाकोळीसारखे पक्षी येतात आणि उघड्या धुराड्याच्या आतल्या भिंतीला काटक्यांची घरटी डकवतात. संघराज्याच्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं काढता येत नाही, त्यामुळे सफाईवाला आला तरी हात हलवत परत जातो, आणि पाहुणे दक्षिणेकडे उडून जाईपर्यंत धुराडं त्यांचं.