तलवाड्याच्या भाच्यास, संगणक अद्ययावत ठेवण्याविषयी

पुणे



लिनक्सच्या संगणकावर प्रत्येक प्रोग्रॅम वेगवेगळ्या ठिकाणाहून शोधून बसवावा लागत नाही. ब्राउझर, प्रिंटर चालवणारी यंत्रणा, मराठी फॉन्ट, खुद्द प्रणालीचा गाभा असलेला कर्नल, हे सगळे पॅकेजच्या रूपात एका भांडारातून येते. ते आणण्याचे, बसवण्याचे आणि काढण्याचे काम पॅकेज मॅनेजर करतो. डेबियनची सुरुवात १९९३ साली झाली आणि त्याचा ‘ॲप्ट’ हा मॅनेजर १९९९ मध्ये २.१ या आवृत्तीबरोबर आला. २००४ साली निघालेले उबंटू आणि सी-डॅकचे बॉस लिनक्स ही दोन्ही डेबियनवरच उभी आहेत, म्हणून एकावर शिकलेल्या आज्ञा दुसऱ्यावरही चालतात.

भाच्याने आबांच्या खोलीत थाटलेल्या झेरॉक्सच्या दुकानात जो लॅपटॉप आहे, त्यावर उबंटू २०.०४ आहे. अपडेटची खिडकी आली की ती न वाचता फुलीवर टिचकी मारून बंद केली जाते, असे ताईच्या फोनवरच्या बोलण्यात सहज आले. तिला त्यात काही वावगे वाटले नाही. मामाला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्या लॅपटॉपमध्ये गावातल्या लोकांची आधार कार्डे आहेत, सातबारे आहेत, पासबुकांच्या प्रती आहेत.

प्रोग्रॅम माणसेच लिहितात, त्यामुळे त्यांत चुका राहतात. चूक सापडली की दुरुस्ती निघते, पण दुरुस्ती जाहीर होताच चूक नेमकी कुठे होती हेही सगळ्यांना कळते. ज्याने ती बसवली नाही त्याचा धोका त्या दिवसापासून उलट वाढतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही चूक उघड झाली तेव्हा दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी निघाली होती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधले एक भगदाड बुजवले. त्याच भगदाडातून १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. मधले जवळजवळ दोन महिने ज्यांनी ‘नंतर’ म्हणून घालवले, त्यांच्यापैकी अनेकांच्या फायलींना कुलुपे लागली. महाराष्ट्रालाही अशीच झळ २७ जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या हल्ल्यात बसली. नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मेअर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले आणि कंटेनर अडकून पडले. एवढ्या मोठ्या बंदराचे असे झाले, तर तलवाड्याच्या एका दुकानाची काय कथा! आणि बंदरात माल अडकला होता. दुकानातून जाईल ती लोकांची ओळख.

नॉटपेट्याचा आणखी एक धडा आहे. त्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता. म्हणजे अपडेट कुठून येते हेही पाहावे लागते. ॲप्ट भांडाराच्या यादीवरची डिजिटल सही तपासते आणि प्रत्येक पॅकेज त्या यादीशी ताडून पाहते. ही तपासणी बंद करायला सांगणारी, किंवा परके भांडार जोडायला सांगणारी एखाद्या व्हिडिओतली ओळ टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, कधीही चिकटवू नये. प्रिंटर चालत नाही म्हणून कोणी काहीही सांगितले तरी नाही.

प्रत्यक्ष काम दोन आज्ञांचे आहे. पहिली ‘सुडो ॲप्ट अपडेट’, दुसरी ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’. दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात. पहिली आज्ञा काहीही बसवत नाही. ती फक्त व्यापाऱ्याकडून नवी यादी मागवते, माल आणते ती दुसरी. नुसती पहिली चालवून काम झाले असे समजणारे पुष्कळ आहेत. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर दाबावे. मग ओळी सरकू लागतात. ‘हिट’ म्हणजे यादीत बदल नाही, ‘गेट’ म्हणजे नवी यादी आली, आणि ‘एरर’ दिसले तर पुढे न जाता ती ओळ वाचावी.

अपग्रेड सुरू होण्याआधी ॲप्ट एक हिशेब मांडते: १८ अपग्रेडेड, ० न्यूली इन्स्टॉल्ड, ० टू रिमूव्ह, ३ नॉट अपग्रेडेड. ‘वाय’ दाबण्याआधी ही ओळ वाचलीच पाहिजे. साधे ‘अपग्रेड’ बसवलेले काहीही काढत नाही. ‘फुल-अपग्रेड’ मात्र गरज पडल्यास काढते, म्हणून तिथे ‘रिमूव्ह’पुढचा आकडा आणि त्याच्या वरची नावे नीट पाहावीत. कर्नल बदलला असेल तर संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच चालत राहतो. दुकान बंद करताना लॅपटॉपचे नुसते झाकण मिटले, तर तो रीस्टार्ट होत नाही. सकाळी झेरॉक्सचे मशीन तापायच्या आत रीस्टार्ट करून घ्यावे.

तलवाड्याची अडचण विजेची आणि डेटाची आहे, ती मामाला परकी नाही. त्यावर उपाय असा की उतरवणे आणि बसवणे वेगळे करावे. ‘अपग्रेड’पुढे दोन उणे चिन्हे देऊन ‘डाउनलोड-ओन्ली’ लिहिले की पॅकेजेस फक्त उतरतात. मोबाइलचा दिवसाचा डेटा उरलेला असेल तेव्हा रात्री हे करावे. मध्येच रेंज गेली तर आज्ञा पुन्हा द्यावी, अर्धवट फाईल तिथूनच पुढे उतरते. बसवताना मात्र बॅटरी भरलेली असावी. तरीही वीज जाऊन लॅपटॉप बंद पडलाच तर घाबरू नये. ‘सुडो डीपीकेजी’, मग दोन उणे चिन्हे आणि ‘कॉन्फिगर’, मग एक उणे चिन्ह आणि ‘ए’, एवढ्याने अर्धवट राहिलेले काम पूर्ण होते. ‘लॉक’ची तक्रार आली तर लॉकची फाईल पुसू नये, दुसरा कुठला तरी अपडेट चालू असतो, तो संपू द्यावा.

उबंटू सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतःहून बसवण्याचा प्रयत्न करते, हे खरे. पण तासाभरासाठी उघडणाऱ्या आणि अधूनमधून हॉटस्पॉटला जोडल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर त्या भरवशावर राहता येत नाही. शिवाय खरी काळजी पुढेच आहे. २०.०४ या आवृत्तीचा नेहमीचा आधार ३१ मे २०२५ रोजी संपला. त्यानंतरही ॲप्ट ‘सर्व पॅकेजेस अद्ययावत आहेत’ असे सांगत राहते, कारण भांडारात नवे काही येतच नाही. खिडकी येणे थांबले म्हणजे सगळे ठीक आहे असा समज होतो. लोकांचे कागद ज्या मशीनमध्ये आहेत तिथे हा समज फार महागात पडेल. यातून दोन वाटा आहेत. उबंटू प्रो वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत फुकट मिळते आणि या आवृत्तीला २०३० पर्यंत दुरुस्त्या देते. दुसरी वाट नव्या आवृत्तीवर जाण्याची. तीही एकदम २४.०४ वर उडी मारून नव्हे, आधी २२.०४ आणि मग पुढे. त्याआधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. पीक विम्याच्या शेवटच्या तारखा आणि नवरात्रात त्वरिता देवीच्या दर्शनाची गर्दी, हे दिवस सोडून हे काम काढावे.

आबा गावकऱ्यांचे खातेउतारे ट्रंकेत कुलूप लावून ठेवत आणि किल्ली जानव्याला बांधत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तीच राखण आता या लॅपटॉपची करायची आहे. मामाच्या तरुणपणी संगणक शिकवणारे गावात कोणी नव्हते. पुण्याला नोकरीत जे हाती आले, ते गावच्या एकाही पोराशेजारी बसून दाखवले गेले नाही, ही खंत त्याला आजही आहे. भाच्याने कोणाच्या मदतीशिवाय दुकान उभे केले, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अर्ज एकेक ओळ वाचून दाखवत भरले, हे ताईने त्याच फोनवर सांगितले होते. रागावण्याच्या भरात त्याचे कौतुक करायचे राहून गेले. ते या पत्रातून पोचावे.

नव्या आवृत्तीवर जाण्याचे काम लांबते आणि मध्ये बरेच प्रश्न विचारले जातात. त्या दिवशी फोन चार्ज करून जवळ ठेवावा. पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवावे, दोघांनी मिळून उत्तर द्यावे. रात्री कितीही वाजले तरी फोन करायला संकोचू नये.

मामा