दिवा विझला, पण हवा भरली का?

गेल्या डिसेंबरात आम्ही चार मुलांना घेऊन पहाटे उज्जैनहून इंदूरला निघालो. गाडीत पिवळा दिवा लागला: घोड्याच्या नालासारखी खूण व मध्ये उद्गारचिन्ह. थंडीमुळे असेल, असे म्हणून आम्ही बटण दाबून तो विझवला. सांवेरजवळ मागचे चाक बसले. त्यात खिळा होता. मुले सुखरूप राहिली. धडा आम्हाला मिळाला.

१. दिवा काय सांगतो? काही गाड्यांत चाकाच्या आतच दाबमापक असतो. इतर गाड्या चाकांचा वेग ताडून पाहतात. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होऊन अधिक वेगाने फिरते. तपमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पौंड उतरतो, हे खरे. पण खिळाही तोच दिवा लावतो.

२. क्रम कोणता? चाके थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब चारही चाकांत भरावा. मग गाडी उभी ठेवून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बटण दाबून धरावे. नंतर थोडे अंतर चालवावे.

३. क्रम उलटला तर? वेग ताडणाऱ्या गाडीत, असलेली अपुरी हवाच योग्य म्हणून नोंदली जाते. मग राखणदारच गप्प बसतो.

विचारासाठी प्रश्न: इशारा मिळाल्यावर आपण आधी काय मिटवतो, खूण की कारण?