संशय कशावरून?

समजा, विहिरीवरची मोटर रात्रीतून चोरीला गेली. सकाळी पारावर माणसे जमली. एक जण म्हणाला, "हे काम त्या पालावरच्या पोराचंच! त्यांची जातच तशी. चला, फौजदारसाहेबांना नाव सांगू."

थांबा मंडळी. पोराला कुणी पाहिले का? नाही. त्याच्याजवळ काही सापडले का? तेही नाही. मग हा संशय कशावरून?

चोरीच्या गुन्ह्यात पोलिसांना वॉरंटावाचूनही अटक करता येते. पण कायद्याची अट आहे. तक्रार वाजवी हवी, नाहीतर खबर भरवशाची हवी, नाहीतर संशय वाजवी हवा. वाजवी म्हणजे काय? तिऱ्हाईत शहाण्या माणसालाही पटेल असा आधार. मोटर नेताना कुणी डोळ्यांनी पाहिले, किंवा तुटलेली केबल कुणाच्या घरी मिळाली, तर तो आधार झाला. गुन्हा शाबीत झाला असे नव्हे बरे! ते पुढे कोर्टाचे काम.

'जातच तशी' हा काही आधार नव्हे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींत जन्मलेले मूलही गुन्हेगार ठरू लागले. माणसांना हजेरी द्यावी लागे. सोलापुरात तर त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले होते. १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला. मनातून मात्र गेला नाही. आम्हीही वर्गात पेन हरवले की आधी पालावरच्या पोरांची दप्तरे झाडत असू. एकदा पेन आमच्याच कोटाच्या खिशात निघाले. त्या पोराच्या तोंडाकडे पाहवेना.

आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचे ३५ वे कलम अटकेचे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात नुसता संशय पुरत नाही. अटकेची गरज काय, हेही पोलिसांनी लिहून ठेवायचे. गरज नसेल तर नोटीस देऊन बोलवायचे. अटक केलीच तर कारण सांगायचे, घरी कळवायचे, आणि वाटेचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे.

अटकेचा कागदही करतात. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची साक्ष असते आणि अटक झालेल्याची सही. आता तुम्हाला वाचता येते. कागदावर काय लिहिले आहे, तारीख-वेळ बरोबर आहे का, ते आधी वाचा. मग सही करा.