भायखळ्याच्या खोलीत राहायला जाताना

चि. बाळ्यास,



खोली तुला द्यायची हे ठरलं, तसं दादालाही कळवलं. तेव्हापासून वहिनीच्या जिवाला घोर लागलाय: मिश्र वस्ती, नागपाडा हाकेवर, पोरगं एकटं राहणार कसं! आणि तुझ्या मित्रांना म्हणे नेमकं त्याच गोष्टीचं कौतुक. मला दोन्ही पटत नाही, म्हणून हे पत्र.

पहिल्या रविवारी तू हिंडायला निघशीलच. निघ. पाटीवर मिर्झा गालिब मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्याला क्लेअर रोडच सांग. याच रस्त्यावर उर्दू कथाकार मंटो राहायचा. १९४८ साली तो लाहोरला गेला. जवळच डेव्हिड ससूननं बांधलेलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे, मागेन डेव्हिड. तिथल्या ससूनांच्या शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत. माझगावची सर एली कदूरी शाळा तर कोकणातून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंची. हाईम केहिमकरांनी ती १८७५ साली सुरू केली. ग्लोरिया चर्च बघ, पारशांची रुस्तम बाग बघ, माझगावात नवाब टँक रोडला चिन्यांचं देऊळसुद्धा आहे. पण हे सगळं दोन रविवारांत उरकतं. खाली उतरून पाव आणायला गेलास की समोरची माणसं काही बघायच्या वस्तू नसतात. तोंडावर कॅमेरा धरून त्यांना ‘अंकल, मस्त’ म्हणत फिरू नकोस.

पाणी पहाटे येतं. समोरच्या खाला फजरच्या नमाजला उठतात, आणि मजल्यावर हाकारे त्याच घालतात. तुझी बादली नळाला लावतील. त्याबदल्यात त्यांच्या महापालिकेच्या नोटिसा, विजेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या वाचून देणं आता तुझ्याकडे. इतकी वर्षं ते माझं काम होतं. इथली माणसं एकमेकांवर फार माया करतात म्हणून एकत्र राहतात, असं समजू नकोस. भांडतात, मागं नावंही ठेवतात. एकमेकांवाचून अडतं म्हणून राहतात. तेव्हा तुझंही कुणावाचून तरी अडू दे. मीठ-मिरचीपासून शर्टाच्या बटणापर्यंत सगळं फोनवर मागवायची तुमची सवय मला ठाऊक आहे. तसं केलंस तर वर्षभरानंतरही तू त्या चाळीत पाहुणाच राहशील, आणि अडीअडचणीला पाहुण्याचं दार कुणी ठोठावत नाही.

खाण्याचं सांगते. आपण माळकरी. कुणी ताट पुढं केलं तर ‘मी मटण खात नाही’ असं सरळ सांग. उपासाची थाप मारू नकोस आणि नाक तर मुळीच मुरडू नकोस. ईदला शीरखुर्मा येईल, तो खायला हरकत नाही. डबा परत करताना त्यात काहीतरी घाल. शेंगदाण्याची चटणी तुला येते, तेवढी पुरे.

आवाजाचं मात्र जड जाईल. भोंगे आहेत, नवरात्रात गरबा आहे, गणपतीत तर खिडकीच्या काचा थरथरतात. मोहरमच्या दहाव्या दिवशी मातमाची मिरवणूक माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानाकडे जाते. त्या दिवशी आधीच घरी ये. तक्रार करायची तर सगळ्यांच्या आवाजाची कर. आपले ढोल तेवढे गोड आणि त्यांचा भोंगा तेवढा कर्कश, असले कान घेऊन जाऊ नकोस. शाळेच्या परीक्षा आल्या की मी मंडळाच्या पोरांना आणि मशिदीच्या ट्रस्टींना एकाच संध्याकाळी भेटायची. दोन्हीकडे थोडं ऐकलं जायचं, बरंचसं नाही.

आता वहिनीच्या भीतीचं. ती अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मी तिथंच होते. श्रीकृष्ण आयोगानं मृतांचा आकडा ९०० दिलाय. आमच्या चाळीत कुणी गेलं नाही, पण मजल्यावरचं एक कुटुंब मुंब्र्याला गेलं आणि आपल्यातल्या एकांनी डोंबिवली गाठली. दोघंही परतले नाहीत. ‘आम्ही सगळे गुण्यागोविंदानं राहतो’ असं सांगणारे ही पानं गाळून सांगतात. शौर्याच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. भली भली माणसं कड्या लावून आत बसली होती, मीही बसले होते. पण ज्यांचं रोजचं देणंघेणं होतं, त्यांच्यात निरोप चालू राहिले. कुठला रस्ता बंद आहे, दूध कुठं मिळतंय, कोण घरी पोचलेलं नाही. ओळखीचं माणूस दारात येऊन सांगेल तेवढं खरं धरायचं, बाकी सगळं वाऱ्यावरचं. आता ते वारं फोनमध्ये शिरलंय. चाळीच्या ग्रुपवर कसलाही व्हिडिओ आला तरी पुढं ढकलू नकोस. खाली उतर आणि विचार.

कामाठीपुऱ्याच्या नावानं वहिनी डोळे मोठे करते. तिला सांग, कवी नामदेव ढसाळ त्याच गल्ल्यांत वाढले आणि त्यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ साली तिथूनच आला. आणि टाटांची समाजकार्याची शाळा १९३६ साली सुरू झाली ती या नागपाड्यातच. दागिने घालून मध्यरात्री भटकू नये, हे पुण्यातही खरं आहे.

चाळीच्या पुनर्विकासाच्या सभा सुरू होतील. न चुकता जा, पण माझ्याशी बोलल्याखेरीज कशावर सही करू नकोस. बिल्डर चौरस फुटांचं बोलेल. तू विचार, सगळे जुने भाडेकरू याच जागेवर परत येणार का. हल्ली मुंबईतल्या काही टॉवरांत भाडेकरू त्याच्या ताटात काय आहे ते बघून ठेवतात. असल्या इमारतीत लिफ्ट मिळाली तरी मला नको.

किल्ली तळमजल्यावरच्या टेलरकडे ठेवली आहे. ती घेऊन तसाच वर पळू नकोस. तो चहा मागवील, तुझ्या नोकरीपासून पगारापर्यंत सगळं विचारील आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करील. सांग, डावा बरा आहे. आणि त्याच्याकडं माझे दोन ब्लाऊज गेल्या दिवाळीपासून अडकलेत, तेही माग.

तुझी,
आत्या