अळीच्या धास्तीने पंप उचलण्यापूर्वी

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन फुलोऱ्याकडे झुकू लागते, आभाळ आठ-आठ दिवस झाकोळलेले राहते आणि पावसाची रिपरिप थांबत नाही, तेव्हा तंबाखूची पाने खाणारी अळी व हिरवी उंटअळी यांचा उपद्रव वाढतो, आणि रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होऊ लागते. ही धास्ती निराधार नाही. 2008 च्या खरिपात तंबाखूच्या अळीने विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनच्या पानांची चाळण केली होती, आणि त्या तडाख्यानंतरच राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्या प्रकल्पाचा गाभा, म्हणजे आधी मोजणी आणि मगच फवारणीचा निर्णय, हा मात्र अजूनही पुष्कळ धुऱ्यांच्या अलीकडेच अडलेला आहे.

तंबाखूची पाने खाणाऱ्या या किडीची मादी पानाच्या खालच्या बाजूस शेकडो अंडी पुंजक्याने घालते आणि त्यांवर तपकिरी केसांचे आवरण चढवते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पहिले काही दिवस एकाच पानावर झुंडीने राहून हिरवा भाग खरवडतात, त्यामुळे ते पान पांढुरके, जाळीदार आणि कागदासारखे पातळ दिसते व तासातून चालताना सहज नजरेत भरते. असे पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवले, तर पुढे शेतभर पांगणाऱ्या अळ्या एका ठिकाणीच संपतात. निंदणासाठी आलेल्या मजूर बायांना हे पान एकदा दाखवून दिले, तर हे काम वेगळ्या खर्चाशिवाय होते.

फवारणीची वेळ आली की नाही, हे आर्थिक नुकसानीच्या पातळीवरून ठरते; ज्या संख्येनंतर किडीमुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होते, ती ही पातळी होय. सोयाबीनमध्ये एक मीटर ओळीत सरासरी तीन ते चार अळ्या आढळेपर्यंत पंप घरीच राहिला पाहिजे. फुलोऱ्यापूर्वी थोडीफार पाने खाल्ली गेली तरी पीक ती भरून काढते. शेंगा भरू लागल्यावर मात्र ही सवलत उरत नाही, आणि तेव्हा मोजणी अधिक नेमाने करावी लागते.

दमट हवेत याच अळ्यांवर नोमुरिया नावाची बुरशी निसर्गतः वाढते. रोगट अळी पानाला चिकटून ताठ होते, आधी पांढरी पडते आणि मग तिच्यावर फिकट हिरवी भुकटी दिसू लागते. ही भुकटी वाऱ्याने पसरून पुढच्या अळ्यांना रोगट करते. अशा मेलेल्या अळ्या शेतात दिसत असताना पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकत्र ढवळून फवारणे, हा शुद्ध नासाडीचा प्रकार आहे, कारण त्यातील बुरशीनाशक फुकट राबणाऱ्या या मित्रबुरशीलाच मारते आणि कीटकनाशक ढालकिडे व कोळी संपवते. पंधरा दिवसांनी अळी पुन्हा वाढली की ‘औषध नकली निघाले’ अशी ओरड होते. दोष बहुतेक वेळा त्या मिश्रणाचा असतो.

अशा मिश्रणांचा सर्वांत दारुण धडा शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने 2017 मध्ये दिला. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. कमी निविष्ठांच्या शेतीकडे वळणाऱ्यांमागे अनेकदा हीच भीती असते, आणि तिच्या जोडीला हिशेब असतो. बियाणे, खत आणि औषध उधारीवर उचलायचे व सोंगणीनंतर पडत्या भावात सोयाबीन घालून ती उधारी फेडायची, हे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही. 2024 च्या हंगामात आधारभूत किंमत क्विंटलला 4,892 रुपये असताना बाजारात त्याहून बऱ्याच कमी दराने माल विकावा लागला. बाजारभाव शेतकऱ्याच्या हाती नसतो. फवारणीची संख्या असते. डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशनमध्ये वाशिमचा समावेश झाला, त्याला हीच पार्श्वभूमी आहे.

परंतु रासायनिक बाटलीच्या जागी दुसरी आंधळी श्रद्धा आणणे हा बदल नव्हे. जीवामृत हे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन व मूठभर मातीचे आंबवण असून ते जमिनीतील सूक्ष्मजीवांसाठी आहे. ते अळीवर फवारून चमत्काराची वाट पाहणाऱ्यांची पाने तोवर चाळणी होतात. घटकांचा उल्लेख नसलेली, ‘शंभर टक्के जैविक’ म्हणून विकली जाणारी बाटली तर घेऊच नये, कारण त्यात काय आहे हे ना विक्रेता सांगू शकतो, ना विषबाधा झाल्यास डॉक्टरांना कळते. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळीचे कुटलेले दाणे रात्रभर भिजवून व गाळून केलेले शंभर लिटर द्रावण, हा अंडी व लहान अळ्यांच्या अवस्थेतील खरा आधार आहे. वाढलेल्या अळीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. या अर्कासाठी पावसाळ्याच्या तोंडी झाडाखाली पडणाऱ्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवाव्या लागतात, आणि नेमके तेच काम दरवर्षी राहून जाते.

मोजणीत पातळी ओलांडलेली आढळली, तर सोयाबीनसाठी शिफारस असलेले एकच कीटकनाशक, लेबलवरील मात्रेत, वाऱ्याच्या दिशेने, अंग व तोंड झाकून आणि उपाशीपोटी नसताना फवारावे. त्या टाकीत दुसरे काहीही मिसळू नये, आणि तीन दिवसांनी त्याच ओळींत पुन्हा मोजणी करावी.